समोर दिसणारा शब्द शोधात सापडत नाही: ‘ऱ्य’, ‘ॲ’ आणि विसर्ग यांचे युनिकोड संकेतांक तपासण्याची पद्धत

‘शेतकऱ्यांना’ हा शब्द कागदपत्रात स्वच्छ दिसत असतो, पण शोधाच्या चौकटीत तोच शब्द टंकित केला की संगणक तो सापडत नसल्याचे सांगतो. गावांच्या यादीत ‘कऱ्हाड’ दोनदा येते, दोन्ही वेळा डोळ्यांना सारखेच दिसते, आणि तरीही त्यांची बेरीज एकत्र होत नाही. एखाद्या ऑनलाइन अर्जात ‘कर्मचाऱ्यांचे’ असे व्यवस्थित लिहून पाठवावे, तर छापील प्रतीत ‘कर्मचार्यांचे’ असे रफाराचे रूप उमटते. मराठीत टंकलेखन करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला या तक्रारी कधी ना कधी भेटतात. अशा वेळी बहुतेक जण फॉण्ट बदलून पाहतात आणि काहीच सुधारत नाही म्हणून नाद सोडतात. या तिन्ही तक्रारींचे मूळ फॉण्टमध्ये नसून अक्षरांमागे साठवलेल्या क्रमांकांमध्ये आहे. ते क्रमांक पाहता आणि बदलता आले, की दुरुस्ती काही मिनिटांची राहते.

युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक, म्हणजे संकेतांक, दिलेला असतो आणि संगणक तो क्रमांकच साठवतो. पडद्यावरचा आकार फॉण्ट नंतर घडवतो. देवनागरीचा मुख्य विभाग ०९०० ते ०९७एफ असा असून त्यात १२८ जागा आहेत. हे क्रमांक सोळा पायाच्या पद्धतीचे असल्याने त्यांत शून्य ते नऊ या अंकांबरोबर ए ते एफ ही इंग्रजी अक्षरेही अंक म्हणून येतात. या लेखात ते देवनागरीत लिहिले आहेत, पण टंकित करताना इंग्रजी अंक आणि इंग्रजी अक्षरेच वापरावी लागतात. जोडाक्षराला स्वतंत्र क्रमांक नसतो, ही गोष्ट येथे फार महत्त्वाची आहे. ‘क्य’ म्हणजे क, हलन्त (अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह) आणि य असे तीन संकेतांक एकापुढे एक ठेवलेले असतात. त्यामुळे एकच दृश्य आकार दोन वेगळ्या साखळ्यांतून तयार होण्याची शक्यता उघडी राहते, आणि मराठीला त्याचा सर्वाधिक त्रास आडव्या रफारात, म्हणजे ‘ऱ्य’ मधील अर्ध्या र च्या आडव्या रेघेत, होतो.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे वेगळे शब्द आहेत. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांत तर माणूसच बदलतो. हिंदीला हा भेद लागत नसल्याने हिंदी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या साधनांमध्ये त्याकडे दुर्लक्ष झालेले आढळते. युनिकोडने आडव्या रफारासाठी दोन मार्ग मान्य केले आहेत. पहिला मार्ग ०९३१ या क्रमांकाच्या ‘ऱ’ चा आहे. हे अक्षर मुळात द्राविडी भाषांतील एक वेगळा ‘र’ देवनागरीत दाखवण्यासाठी आहे, म्हणून सुटे असताना त्याच्याखाली टिंब दिसते. पण त्याच्यापुढे हलन्त, म्हणजे ०९४डी, आला की त्याचे अर्धे रूप मराठीतील आडव्या रफाराचे होते. ही व्यवस्था भारतीय मानक असलेल्या इस्कीतून आली आहे. दुसऱ्या मार्गात नेहमीचा ०९३० चा ‘र’, मग हलन्त आणि त्यानंतर २००डी हा अदृश्य जोडक येतो, ज्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून झेडडब्ल्यूजे म्हणतात. हा मार्ग युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ठेवलेला आहे. दोन्ही साखळ्यांतून पडद्यावर एकच आकार उमटतो, पण अक्षरन् अक्षर पडताळणाऱ्या शोधाच्या दृष्टीने त्या वेगळ्या आहेत.

याशिवाय दोन सदोष रूपे सर्वत्र पसरलेली आहेत. त्यांपैकी एक म्हणजे अदृश्य जोडक गळून पडल्यावर उरणारे ‘शेतकर्यांना’. अनेक अर्ज आणि माहितीसंच न दिसणारी चिन्हे निरुपयोगी समजून गाळतात. जोडक गेला की र आणि हलन्त एवढेच उरतात आणि त्यांचा नेहमीचा रफार होतो. दुसरे म्हणजे ‘शेतक-यांना’, ज्यात आडव्या रफाराच्या जागी सरळ संयोगचिन्ह, म्हणजे ००२डी, ठेवलेले असते. जुन्या बिगर-युनिकोड फॉण्टांतील मजकूर रूपांतरित करताना आणि आडवा रफार कसा काढावा हे न कळल्याने केलेल्या टंकलेखनात हे रूप फार आढळते. ओळीच्या शेवटी आल्यास असा शब्द संयोगचिन्हापाशी तुटून ‘यांना’ खालच्या ओळीत जातो, यावरून तो ताबडतोब ओळखू येतो.

म्हणजे एका शब्दाची चार लेखने एकाच कागदपत्रात नांदत असतात. ती ओळखण्याचा सर्वांत सोपा उपाय एक्सेल किंवा लिब्रेऑफिस कॅल्क यांतील लेन या सूत्राचा आहे, कारण ते अक्षरांऐवजी साठवलेली चिन्हे मोजते. ‘दऱ्या’ हा शब्द ०९३१ ने लिहिला असेल तर द, ऱ, हलन्त, य आणि काना मिळून ५ हे उत्तर येते. अदृश्य जोडकाने लिहिला असेल तर ६ येते, आणि ‘द-या’ असेल तर ४. ‘दर्या’ चेही उत्तर ५ च येते, पण तेथे रफार डोळ्यांना दिसतोच. क्वचित ‘ऱ’ हे अक्षर र आणि खालचे टिंब असे दोन भागांत साठवलेले असते. त्या टिंबाचा, म्हणजे नुक्त्याचा, क्रमांक ०९३सी आहे. अशा वेळीही लांबी ६ येते, म्हणून ६ पाहून लगेच जोडकाचा निष्कर्ष काढू नये. मिड या सूत्राने तिसरे चिन्ह वेगळे काढून त्यावर युनिकोड हे सूत्र लावावे. उत्तर २३८१ आले तर ते हलन्त आहे आणि पुढचे चौथे चिन्ह ८२०५, म्हणजे अदृश्य जोडक, असल्याची खात्री करावी. उत्तर २३६४ आले तर तो नुक्ता आहे.

येथे एक गोंधळ हमखास होतो. युनिकोड हे सूत्र दशमान क्रमांक देते, तर संदर्भतक्त्यांत सोळा पायाचे क्रमांक छापलेले असतात. ०९३१ चा दशमान क्रमांक २३५३, ०९३० चा २३५२, ०९४डी चा २३८१ आणि २००डी चा ८२०५ आहे. एवढे चार आकडे कागदावर लिहून जवळ ठेवले तर आडव्या रफाराची कोणतीही तपासणी करता येते. युनिकोड आणि त्याचे उलट काम करणारे युनिकॅर ही सूत्रे एक्सेलच्या २०१३ च्या आवृत्तीपासून उपलब्ध आहेत.

वर्डमध्ये किंवा लिब्रेऑफिस रायटरमध्ये तपासायचे असल्यास चिन्हाच्या लगेच नंतर कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबाव्यात. चिन्हाच्या जागी त्याचा सोळा पायाचा संकेतांक दिसतो आणि पुन्हा त्याच कळा दाबल्या की चिन्ह परत येते. जोडाक्षराच्या मध्ये मात्र कर्सर सहसा शिरत नाही. त्यासाठी शंकास्पद शब्दाची प्रत कोऱ्या पानावर घ्यावी आणि बॅकस्पेसने शेवटापासून एकेक चिन्ह पुसत जावे. बॅकस्पेस एका वेळी एकच संकेतांक काढतो. ‘दऱ्या’ मधील काना आणि य पुसून झाल्यावर ऑल्ट-एक्स दाबले असता ०९४डी दिसले तर शब्द हलन्तावर संपत आहे, आणि २००डी दिसले तर शेवटी अदृश्य जोडक बसलेला आहे.

आता दुरुस्ती. माझे स्पष्ट मत असे, की नव्या लेखनात ०९३१ आणि हलन्त हीच साखळी वापरावी आणि जुना मजकूरही तिच्यात आणावा. तिच्यात अदृश्य असे काहीच नसल्याने गाळण्याच्या चाळणीतून ती सुखरूप बाहेर पडते, आणि कोणी तपासायला गेले तर दोष डोळ्यांना दिसतो. हलन्त विसरला गेला तरी ‘दऱया’ असे टिंबासह रूप उमटून चूक स्वतःच हाक मारते. जोडक विसरला गेला तर मात्र ‘दर्या’ हा दुसराच अर्थपूर्ण शब्द तयार होतो आणि शुद्धलेखन तपासनीसही तो सोडून देतो.

एक्सेलच्या यादीत हा बदल सब्स्टिट्यूट या सूत्राने होतो. २३५२, २३८१ आणि ८२०५ हे क्रमांक युनिकॅरला देऊन मिळणारी तीन चिन्हे जोडावीत आणि ती ‘काय शोधायचे’ या जागी ठेवावीत. ‘काय भरायचे’ या जागी २३५३ आणि २३८१ यांची दोन चिन्हे जोडून द्यावीत. लिब्रेऑफिस रायटरमध्ये शोधा आणि बदला या चौकटीत नियमित पदावलीचा (रेग्युलर एक्स्प्रेशन्स) पर्याय निवडला की उलटी तिरकी रेघ, त्यापुढे इंग्रजी लहान यू आणि चार अंकी संकेतांक अशा रीतीने तिन्ही संकेतांक लागोपाठ लिहिता येतात. असा बदल निर्धास्तपणे एकदम करता येतो, कारण र, हलन्त आणि जोडक या साखळीचा मराठीत आडव्या रफाराखेरीज दुसरा उपयोग नाही.

बाकीच्या दोन रूपांना ही घाई लावू नये. जोडक गळालेल्या मजकुरात सरसकट ‘र्य’ च्या जागी ‘ऱ्य’ भरले, तर कार्य, सूर्य, धैर्य आणि मर्यादा हे सगळे शब्द बिघडतात. तेथे शब्दांच्या शेवटांवरून जावे: ‘कर्यां’, ‘चार्यां’, ‘कार्यां’, ‘णार्या’ असे तुकडे शोधून प्रत्येक ठिकाणी डोळ्यांखालून घालत बदलावे. त्यांतही ‘कार्यां’ फसवा आहे. ‘अधिकार्यांनी’ मध्ये बदल हवा, तर ‘कार्यांची’ मध्ये नको. ‘णार्या’ मात्र जवळजवळ नेहमीच ‘जाणाऱ्या’, ‘करणाऱ्या’ अशा कृदन्ताचा भाग असतो. संयोगचिन्हाच्या रूपातही ‘शेतक-यां’ आणि ‘अधिका-यां’ बदलताना ‘मंत्र-यंत्र’ यासारखे खरे संयोगचिन्ह सुटले पाहिजे. ‘कु-हाड’ आणि ‘त-हा’ यांकडे पाहायलाही विसरू नये, कारण आडवा रफार ‘य’ बरोबरच ‘ह’ वरही येतो.

आणखी एक सावधगिरी घ्यावी. अदृश्य चिन्हे सापडली म्हणून ती सर्व पुसून टाकण्याचा मोह होतो, परंतु २००डी पुसण्याआधी आडव्या रफाराची अदलाबदल पूर्ण झालेली असली पाहिजे, नाहीतर मूळ माहितीच नष्ट होते. त्याच्या शेजारचे २००सी हे चिन्ह हलन्त सुटा दाखवण्यासाठी लागते. ‘वाङ्‌मय’ आणि ‘उद्‌घाटन’ यांसारख्या शब्दांत लेखकाने ते जाणीवपूर्वक ठेवलेले असू शकते. जोडक तर अनेक भावचिन्हांतही असतो. कुटुंबाचे एक चित्र प्रत्यक्षात अनेक चित्रे जोडकांनी बांधून केलेले असते.

दुरुस्त केल्यानंतर पुन्हा टंकित करताना तोच दोष येऊ नये, यासाठी आपला कळफलक काय देतो हे पाहून घ्यावे. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळफलक आराखड्यामध्ये जे या कळेवर र आहे आणि शिफ्टसह त्याच कळेवर ऱ आहे. त्यानंतर डी या कळेवरचा हलन्त आणि मग य घेतला की आडवा रफार तयार होतो. लिप्यंतराच्या साधनांत आणि मोबाइलच्या कळफलकांत प्रत्येकाची रीत वेगळी असल्याने ‘दऱ्या’ एकदा लिहून लेन सूत्राने मोजणे हीच खरी परीक्षा आहे.

कळफलकावर हवे ते चिन्ह नसेल तर संकेतांक देऊनही ते काढता येते. वर्ड आणि लिब्रेऑफिसमध्ये चार अंक लिहून ऑल्ट-एक्स दाबावे. लिनक्सवरील बहुतेक प्रणालींत कंट्रोल, शिफ्ट आणि यू दाबून संकेतांक लिहावा आणि स्पेस द्यावी. मॅकवर युनिकोड हेक्स इनपुट हा कळफलक निवडून ऑप्शन कळ दाबून धरत चार अंक द्यावेत. हे चालत नाही अशी तक्रार आली, तर प्रथम कळफलक इंग्रजीवर आहे का ते पाहावे. मराठी कळफलक चालू असताना ‘०९३१’ देवनागरी अंकांत उमटते, आणि ऑल्ट-एक्स दाबल्यावर ऱ मिळण्याऐवजी शेवटच्या ‘१’ या अंकाचा स्वतःचा संकेतांक, ०९६७, समोर येतो. दुसरी अडचण संकेतांकाला लागून आधी इंग्रजी अंक असल्यास येते. ‘५’ च्या लगेच पुढे रुपयाच्या चिन्हाचा २०बी९ लिहिला तर संगणक पाचही अंक एकत्र धरतो; अशा वेळी फक्त संकेतांकाचे चार अंक निवडून मग ऑल्ट-एक्स दाबावे. रुपयाचे चिन्ह भारत सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या ६.० आवृत्तीत ते आले, म्हणून फार जुन्या फॉण्टांत ते चौकोनासारखे दिसते. त्यात संकेतांकाचा दोष नाही.

विंडोजवर ऑल्ट कळ धरून अंकपट्ट्यावर दशमान क्रमांक देण्याची जुनी पद्धतही प्रसिद्ध आहे, पण देवनागरीसाठी तिच्यावर विसंबू नये असेच मी सांगेन. वर्डमध्ये ती चालते. अनेक साध्या ठिकाणी मात्र २५५ च्या पुढचा क्रमांक दिला की २५६ ने भागून उरलेली बाकी तेवढी घेतली जाते. ऱ साठी २३५३ दिले तर बाकी ४९ उरते आणि ४९ हा इंग्रजी ‘1’ चा क्रमांक आहे. ॲ साठी २४१८ दिले तर बाकी ११४ उरते आणि इंग्रजी आर हे अक्षर उमटते. ऑल्ट दाबल्यावर भलतेच अक्षर येते, या तक्रारीमागे बहुधा हाच भागाकार असतो.

‘ॲ’ च्या बाबतीत दोष थोडा निराळा आहे. ०९७२ हा त्याचा संकेतांक युनिकोडमध्ये ५.१ या आवृत्तीत, म्हणजे २००८ साली, आला. तोपर्यंत लोक एकतर ‘अ’ वर ०९४५ ची अर्धचंद्राची मात्रा देत किंवा हिंदी पद्धतीचे ‘ऍ’, म्हणजे ०९०डी, वापरत. इनस्क्रिप्टच्या जुन्या आराखड्यात तेच होते. परिणामी ‘ॲड.’ हा वकिलांच्या नावाआधीचा संक्षेप आजही तीन प्रकारे साठवलेला सापडतो. अ आणि मात्रा यांची जोडी दिसायला अचूक असली तरी ०९७२ च्या समतुल्य मानली जात नाही, म्हणून यादी एकसारखी करताना ‘अ’ आणि ०९४५ ही जोडी व ०९०डी या दोन्हींच्या जागी ०९७२ भरावे. ‘आ’ ऐवजी ‘अ’ आणि काना, ‘ओ’ ऐवजी ‘अ’ आणि ओकाराची मात्रा, असे लिहिणाऱ्यांच्या मजकुरातही हाच दोष असतो.

‘बँक’ हा शब्द याच घरातला. ०९०१ हा चंद्रबिंदू देऊन लिहिलेला ‘बँक’ आणि ०९४५ ची मात्रा व ०९०२ चा अनुस्वार देऊन लिहिलेला ‘बॅंक’ अनेक फॉण्टांत तंतोतंत सारखे दिसतात. येथे कोणता प्रकार ठेवावा यापेक्षा एकच ठेवावा हे महत्त्वाचे आहे. प्रचलित मजकुराचा मोठा भाग चंद्रबिंदूचा असल्याने तो ठेवणे सोयीचे जाते.

विसर्गाची गफलत सोपी पण सर्वत्र आहे. ‘दुःख’, ‘अंतःकरण’, ‘स्वतः’ यांतील विसर्गाचा संकेतांक ०९०३ आहे, आणि पुष्कळ जण त्याच्या जागी ००३ए चे अपूर्णविराम चिन्ह देतात. मग शब्दकोश ‘दु’ आणि ‘ख’ असे दोन शब्द समजतो, आणि शुद्धलेखन तपासनीस दोन्हींखाली लाल रेघ ओढतो. पूर्णविरामाचा दंड लिहिताना ०९६४ ऐवजी ००७सी ची उभी रेघ आणि अवग्रहाच्या ०९३डी ऐवजी इंग्रजी एस देण्याची सवयही अशीच आहे.

टिंबांचे वर्तुळ दिसत असेल तर मात्र क्रम चुकला आहे. टंकयंत्राच्या सवयीने पहिली वेलांटी आधी आणि व्यंजन नंतर दिले, की वेलांटीला आधार मिळत नाही. युनिकोडमध्ये ‘कि’ म्हणजे आधी ०९१५ आणि मग ०९३एफ. वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे नेऊन दाखवणे हे फॉण्टचे काम आहे.

राहिला प्रश्न ज्यांच्या हाती अर्ज आणि माहितीसंच आहेत त्यांचा. त्यांच्याकडे तक्रार नेली की युनिकोडचे प्रमाणीकरण, म्हणजे समतुल्य साखळ्या एकाच रूपात आणण्याची प्रक्रिया, चालू केले आहे, असे उत्तर मिळते. ते प्रमाणीकरण र आणि नुक्ता यांची जोडी ०९३१ मध्ये आणते, एवढे काम निश्चित करते. पण र, हलन्त आणि जोडक या साखळीला ते हात लावत नाही, ‘अ’ आणि अर्धचंद्राच्या जोडीलाही नाही. काही ब्राउझरांचे शोध न दिसणारी चिन्हे आणि नुक्त्याचा फरक बाजूला ठेवतात, त्यामुळे चाचणी ब्राउझरमध्ये घेतली तर सगळे ठीक वाटते; मात्र तोच शोध ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांनाही एक मानत असतो. म्हणून मजकूर साठवण्यापूर्वी त्या साखळीचे ०९३१ आणि हलन्त असे रूपांतर करणारी, आणि अदृश्य चिन्हे गाळायचीच असतील तर त्यानंतरच गाळणारी, दोन ओळींची पायरी त्यांच्याकडून मागून घ्यावी. तक्रारीसोबत ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द दोन्ही प्रकारे लिहून, एकाची लांबी ११ आणि दुसऱ्याची १२ येते हे दाखवून पाठवावे.